यंत्र आमचे, चावी कोणाची?

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

वार्षिकांकासाठी लेख मागविणारी सूचना फलकावर लागली, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "पाचगणीच्या पावसावर लिही, नाहीतर टेबल लँडवरच्या सूर्यास्तावर लिही." पाऊस आणि सूर्यास्त यांच्यावर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिते. मी मात्र पोत्यातून घरी आलेल्या एका वस्तूविषयी लिहिणार आहे. विषय संगणकाचा आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. या विषयात माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करते. पण ज्याच्या घरात दुखणे असते त्याला औषधांची थोडीफार माहिती होतेच. तसे माझे झाले आहे.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आण्णा इथल्या एका निवासी शाळेच्या भटारखान्यात कामाला आहेत. आई हंगामात स्ट्रॉबेरी तोडायला जाते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आण्णांनी एक जुना संगणक तांदळाच्या पोत्यात घालून घरी आणला. "शाळंनं ढीगभर काढल्यात बाहेर," ते म्हणाले. "भंगारवाल्याला द्यायच्या आधी सायबांना इचारलं. म्हटलं, पोरीला अभ्यासाला हुईल."

यंत्र धडधाकट होते. पडदा स्वच्छ, कळफलकावरची दोन अक्षरे तेवढी पुसलेली. मग शाळेने ते काढले कशासाठी? कारण असे की, त्यावर चालणाऱ्या विंडोज १० या कार्यप्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, नेहमीची देखभाल तिच्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. काही अटींवर एका वर्षाची वाढीव मुदत दिली, पण ती मुदतच. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बहुतेक करून इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचा होता तिसऱ्या पिढीचा. बैल धडधाकट, पण कासरा दुसऱ्याच्या हातात! त्याने "आता बस" म्हटले की बैलाने बसायचे.

साताऱ्याला संगणक दुरुस्त करणारा माझा थोरला मामेभाऊ भाऊबिजेला आला होता. मी म्हटले, "दादा, हे भंगारात घालायचे का रे?" तो हसला. खिशातला पेन ड्राइव्ह काढून म्हणाला, "यात लिनक्स आहे. टाकून बघ. अन् एकावर थांबू नकोस, चार बघ, मग ठरव." मी सुट्टीभर चार बघितल्या. त्या चारांची तुलना आणि तीतून झालेले माझे मत, एवढेच या लेखात आहे.

कूळ आणि मूळ

या साऱ्या प्रणालींचे मूळ एकच. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचली. लहान लहान आज्ञा, प्रत्येकीचे एकच काम, आणि त्या एकमेकींना जोडून मोठे काम, ही तिची रीत. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी तिच्यात मोठी भर घातली. त्या शाखेला बीएसडी म्हणतात.

दुसऱ्या बाजूने १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. युनिक्ससारखी, पण कोणाच्या मालकीची नसलेली प्रणाली घडवायची, हा त्यांचा संकल्प होता. पुष्कळ भाग तयार झाले, पण गाभा तयार होईना. तो दिला फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने, १९९१ साली. तेव्हा त्याचे वय होते २१. म्हणजे माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा! त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅक या संस्थेने परम ८००० हा महासंगणक तयार केला होता. एकीकडे मोठ्या संस्थेचे महायंत्र, दुसरीकडे एका विद्यार्थ्याच्या खोलीतला छंद. आज परम मालिकेतील महासंगणकांवरही लिनक्सच चालते. इतकेच काय, तुमच्या-माझ्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सच आहे. आपण ज्याला "ते अवघड काहीतरी" म्हणून नाक मुरडतो, ते आपण दिवसभर हातात घेऊनच फिरत असतो.

बीएसडीच्या शाखेतून १९९३ साली नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी, आणि काही वर्षांनी ओपनबीएसडी या प्रणाली निघाल्या. तयारी त्यांचीच जास्त होती. पण युनिक्सच्या हक्कांवरून १९९२ ते १९९४ अशी कोर्टकचेरी चालली, त्यामुळे लोक बीएसडीकडे वळायला कचरले आणि त्या अवधीत लिनक्स पुढे गेले. भावकीच्या वादात शेत पडीक राहते, तसेच हे झाले.

फुकट आणि मुक्त

या प्रणालींसाठी इंग्रजीत जो शब्द वापरतात त्याचे दोन अर्थ होतात, त्यामुळे तिथे गोंधळ होतो. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. तरीही आपण या प्रणालींना फुकटच म्हणतो, आणि फुकट म्हटले की त्यात काहीतरी खोट असणार असे धरून चालतो. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे ती कशी बनली ते उघडून पाहता येते, बदलता येते आणि शेजाऱ्याला देता येते.

मुक्ततेच्याही दोन तऱ्हा आहेत. त्या मला आजीच्या बियाण्याच्या डब्यावरून समजल्या. आजी कोणाला घेवड्याचे बी देई, तेव्हा म्हणे, "उद्या तुझ्याकडे कुणी मागितलं, तर त्यालाबी द्यायचं." ही झाली लिनक्सच्या परवान्याची तऱ्हा. घ्या, सुधारा, पण सुधारलेली प्रणाली दुसऱ्याला द्याल, तर तिची मूळ संहिताही, म्हणजे सोर्स कोडही, द्या. शेजारच्या काकू मात्र म्हणत, "घेऊन जा, काय करायचं ते कर." ही बीएसडीची तऱ्हा. म्हणूनच फ्रीबीएसडीचे भाग घेऊन ॲपल कंपनीला आपल्या मॅक संगणकांची प्रणाली उभारता आली आणि सोनीला प्लेस्टेशन ४ ची. आपण केलेले सगळे बदल उघड करण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते.

काकूंचे मन मोठे, यात शंका नाही. पण आमच्या भागात स्ट्रॉबेरीची मातृरोपे परदेशातून येतात हे मी लहानपणापासून ऐकते आहे. ज्याच्या हातात बी नाही त्याला दरवेळी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते, हे स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या बाईच्या मुलीला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून मला आजीची अट अधिक शहाणपणाची वाटते.

तीन कसोट्या

तज्ज्ञ लोक वेग मोजतात, आकडे काढतात. मी माझ्या घराच्या तीन कसोट्या लावल्या. जुन्या यंत्रावर चालते का? मराठी नीट येते का? आणि अडले तर विचारायचे कोणाला?

पहिली कसोटी यंत्राची. लिनक्स हा नुसता गाभा आहे. त्याभोवती बाकीचा संसार मांडून जो संच देतात, त्याला वितरण म्हणतात. उबुंटू हे २००४ साली दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी सुरू केलेले प्रसिद्ध वितरण. दिसायला देखणे, पण त्याच्या २०२४ च्या आवृत्तीला किमान ४ जीबी स्मृती लागते, आणि आमच्या यंत्रात आहे तेवढीच. म्हणजे काठोकाठ भरलेला हंडा. २००६ साली आलेले लिनक्स मिंट हे उबुंटूवरच बेतलेले. ते २ जीबीवरही चालते, आणि त्याचा पडदा विंडोजसारखाच मांडलेला असल्याने नवख्याला घाबरायला होत नाही. डेबियन हे १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेले. उबुंटूचे तेच मूळ, म्हणजे मिंटचे ते आजोबा. त्यात हलका पडदा निवडला की आमचे यंत्र मजेत चालते.

फ्रीबीएसडीची गोष्ट वेगळी. तिचा गाभा आणि भोवतालचा संसार एकाच घरात, एकाच शिस्तीने घडतो. त्यामुळे सगळे कसे जागच्या जागी! व्हॉट्सॲपने आपली सेवा अनेक वर्षे याच प्रणालीवर चालविली होती. पण चित्रमय पडदा मूळ प्रणालीत येत नाही, तो वरून उभारावा लागतो. ज्याला घर बांधताना पाया बघायचा आहे त्याने फ्रीबीएसडी जरूर घ्यावी. ज्याला आज रात्री निबंध लिहायचा आहे त्याने नको. आणखी एक सांगते. तुमचे यंत्र फारच जुने, ३२ बिटांचे असेल, तर २०२५ साली आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यावर नव्याने प्रणाली बसविण्याची सोय ठेवलेली नाही. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी मात्र अशा म्हाताऱ्या यंत्रांना अजून सांभाळतात.

दुसरी कसोटी मराठीची. माझा परीक्षेचा शब्द होता 'दऱ्याखोऱ्या'. त्यातला 'ऱ्या' नीट उमटला तर पुढचे बोलायचे. चारही ठिकाणी तो उमटला! सरकारने १९८६ साली ठरविलेला इन्स्क्रिप्ट कळफलक चारही ठिकाणी मिळाला. लोहित हा देवनागरी टंकही या सगळ्यांना वापरता येतो. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील मंडळींनी तो अनेक वर्षे सांभाळला. म्हणजे पुण्यात केलेले काम जगातल्या सगळ्या मुक्त प्रणालींना उपयोगी पडले. एकाने विहीर खणली आणि पाणी साऱ्या गावाने भरले. मात्र जिथे नुसत्या आज्ञा लिहायच्या, त्या काळ्या पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरे लिनक्सलाही जमत नाहीत आणि फ्रीबीएसडीलाही नाहीत. तिथे दोघी सारख्याच.

फरक पडला तो दारातच. फ्रीबीएसडी बसविताना सगळे प्रश्न इंग्रजीत येतात. डेबियनने मात्र पहिल्याच पडद्यावर भाषांची यादी दिली आणि तीत 'मराठी' होते. मित्रहो, तुम्हाला हसू येईल, पण मी तो शब्द पाहून आईला हाक मारली. आईला लिहिता-वाचता बेताचेच येते, पण 'मराठी' तिने वाचले. त्या उत्साहात मी कळफलकही मराठी निवडला, गुप्तशब्द कोणत्या लिपीत टंकला याचे भान ठेवले नाही आणि दोन दिवस स्वतःच्याच घराबाहेर बसले! दोष माझाच. सगळे पुन्हा बसवावे लागले. दुसऱ्या खेपेला अर्धा तास लागला आणि भीती मात्र कायमची गेली.

तिसरी कसोटी अडचणीची. पावसाळ्यात इथली वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा काय सांगावा? अशा वेळी यंत्रातच असलेली माहिती कामाला येते. या बाबतीत फ्रीबीएसडीला तोड नाही. तिची मार्गदर्शिका म्हणजे क्रमिक पुस्तकासारखी पहिल्या धड्यापासून शेवटपर्यंत लिहिलेली आहे. पण ती इंग्रजीत. लिनक्स आणि लिबरऑफिस यांचे धडे मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीतून, कानाने ऐकून शिकता येतील असे केले आहेत, आणि ते उतरवून ठेवता येतात. माझ्यासारखीला हा मोठाच आधार झाला.

आपल्या देशाचीही एक प्रणाली आहे, तिला विसरून चालणार नाही. सी-डॅकने २००७ साली बॉस नावाचे वितरण काढले. तेही डेबियनवरच बेतलेले असून त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. सरकारी संस्थेने मुक्त मार्ग धरावा, ही अभिमानाची गोष्ट आहे.

माझे मत

आता कौल द्यायचा तर नवख्याने मिंटपासून आरंभ करावा. ज्याला प्रणालीचे अंतरंग शिकायचे आहे त्याने फ्रीबीएसडी अभ्यासावी. पण आपल्या घरांसाठी आणि आपल्या महाविद्यालयासाठी मी डेबियन निवडीन. ती जुन्या यंत्राला चालते आणि दारातच मराठीत विचारपूस करते, ही कारणे आहेतच. पण खरे कारण निराळे आहे. डेबियनला मालक नाही. जगभरचे स्वयंसेवक ती घडवितात, आपला प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडतात, आणि १९९७ साली त्यांनी लोकांशी एक लेखी करार केला आहे. ही प्रणाली मुक्तच राहील आणि तिच्यातले दोष आम्ही लपविणार नाही, असे त्यात बजावले आहे. कंपनीचे मन फिरले म्हणून आमचा संगणक उद्या पुन्हा पोत्यात जाणार नाही, एवढी हमी मला पुरे.

यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. एक प्राध्यापक म्हणाले, "नोकरीला गेलीस की विंडोजच समोर येईल." सर, आपले म्हणणे खरे आहे. पुष्कळ कचेऱ्यांतून आणि छापखान्यांतून जुन्या खास मराठी टंकांत बसविलेला मजकूर आहे. तो या प्रणालींवर उघडला की अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून मी विंडोज शिकू नका असे म्हणत नाही. मीही ती शिकले आहे. पण एकच चूल ठाऊक असलेली सुगरण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गोंधळते. दोन चुली ठाऊक असलेली कुठेही भाकरी थापते. आणि केरळातील सरकारी शाळांची मुले गेली जवळजवळ दोन दशके मुक्त प्रणालींवरच संगणक शिकत आहेत. त्यांच्या नोकऱ्या काही अडलेल्या नाहीत.

दुसरा आक्षेप माझ्याच मनातला आहे, आणि तो अधिक बोचतो. या प्रणालींतले मराठी अर्धेमुर्धे आहे. एका खिडकीत मराठी, दुसरीत इंग्रजी. आणि जे मराठी आहे तेही कुठे कुठे इतके बोजड की इंग्रजीच बरे वाटावे. 'फाइल' म्हणावे की 'धारिका'? आईला 'फाइल' कळते, 'धारिका' मलाही कळायला वेळ लागला. हे शब्द ठरविले कोणी? विज्ञानाच्या आणि अभियांत्रिकीच्या मोजक्या मंडळींनी, आपला वेळ खर्चून. त्यांचे उपकारच आहेत. पण भाषा हा ज्यांचा अभ्यासविषय, ते आपण कला शाखेचे विद्यार्थी तेव्हा कुठे होतो? "संगणक हा आपला प्रांत नव्हे" असे म्हणून आपण ओट्यावर बसून होतो.

पसरणीचा घाट उतरला की वाई. तिथे बसून लक्ष्मणशास्त्री जोशींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी विश्वकोश उभा केला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. जगाचे ज्ञान मराठीत यावे म्हणून किती लेखकांनी त्यात नोंदी लिहिल्या! इथून जवळच भिलार हे पुस्तकांचे गाव २०१७ साली झाले. तिथे लोकांनी वाचकांसाठी आपली घरे उघडली. ज्या मुलखात हे झाले, त्या मुलखातील विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरची चार वाक्ये सोप्या मराठीत करणे अवघड का जावे? मुक्त प्रणालीत ती सोय आहे. भाषांतर सुधारायला कोणाची ओळख लागत नाही, फी लागत नाही. चूक दिसली की दुरुस्ती सुचवायची. मान्य झाली की ती जगभरच्या मराठी माणसांच्या पडद्यावर जाते. बंदिस्त प्रणालीत ही वाटच नाही.

म्हणून प्राचार्य आणि प्राध्यापक मंडळींना माझी नम्र विनंती आहे. आपल्या भांडारात विंडोज ११ न चालणारे संगणक पडून असतील, तर ते भंगारात घालण्याआधी आम्हा विद्यार्थ्यांकडे द्यावेत. त्यांवर डेबियन बसवून देण्याचे काम मी आणि माझ्या दोन मैत्रिणी विनामूल्य करू. मराठी विभागाने आठवड्यातला एक तास भाषांतरासाठी द्यावा. कोणते वाक्य सोपे, कोणते बोजड, यावर वाद व्हावेत. व्याकरणाच्या तासापेक्षा तिथे गर्दी अधिक होईल, असा माझा अंदाज आहे.

हा लेख मी त्याच पोत्यातल्या यंत्रावर टंकला आहे. आण्णा रात्री कामावरून आले की विचारतात, "चालतंय का अजून?" मी म्हणते, "चालतंय." परवा त्यांनी पुढे विचारले, "आन् बिघडलं तर?" पूर्वी मी म्हटले असते, दुकानात नेऊ. परवा मी म्हटले, "बघू या उघडून."